समुद्राकडचा सपाट रस्ता आणि मुक्कामाचा प्रश्न

कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण राज्याने २०२१ मध्ये आणले. त्यात वाहनाचा विचार झाला, सवलतींचाही झाला. पण चाकांवरचे घर रात्री उभे कोठे करायचे, हा प्रश्न गावोगावच्या नगरपालिकांपर्यंत पोचलेला नाही. त्याचे उत्तर शोधण्यास खान्देशाइतका सोयीचा प्रदेश राज्यात क्वचितच असेल.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले, त्यामागचा हिशेब साधा होता. राज्यात प्रेक्षणीय स्थळे पुष्कळ आहेत, पण त्यांतील अनेक ठिकाणी रात्री राहण्याची धड सोय नाही. समुद्रकिनारे, अभयारण्यांचा परिसर, गडांचे पायथे अशा जागी पक्के बांधकाम करण्यास कायद्याची आडकाठी असते, आणि ती योग्यही आहे. तेथे झोपण्याची जागा, छोटे स्वयंपाकघर व शौचालय असलेले वाहनच नेऊन उभे केले, तर बांधकामाविना मुक्काम होऊ शकतो. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने २००९ मध्येच या दिशेने एक धोरण आखले होते. महाराष्ट्रापाठोपाठ केरळनेही २०२१ मध्येच स्वतःचे धोरण जाहीर केले आणि २०२२ च्या आरंभी वागमण येथे पहिला कॅराव्हॅन पार्क सुरू केला.

महाराष्ट्राच्या धोरणाचे दोन भाग आहेत. एक, प्रत्यक्ष वाहन; दुसरा, ते उभे करण्यासाठी पाणी, वीज, रस्ता व सांडपाण्याची व्यवस्था असलेला कॅराव्हॅन पार्क. दोहोंची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करावयाची आणि खासगी गुंतवणूकदारांना २०१६ च्या पर्यटन धोरणातील सवलती द्यावयाच्या, अशी ही रचना. तिच्या प्रचारात साहजिकच कोकणचा किनारा पुढे होता. समुद्र, नारळी-पोफळी आणि दारात उभे घर हे चित्र मोहक आहे, यात शंका नाही. मात्र नकाशा उघडून पाहिला की एक विसंगती चटकन ध्यानात येते.

कोकण कठीण, तापीखोरे सोपे

कॅराव्हॅन हे जड, उंच आणि लांब वाहन. त्याला रुंद रस्ता लागतो, मंद चढ-उतार लागतात आणि रात्री उभे राहण्यास समतल जागा लागते. जमीन जराशी जरी कलती असली, तरी आत झोपणाऱ्याचे डोके खाली जाते, मोरीचे पाणी उलट वाहते आणि काही प्रकारचे फ्रीज नीट चालत नाहीत. रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंतचा किनारा यातले फारसे काही देत नाही. घाट उतरल्यावर डोंगराच्या सोंडा थेट समुद्रापर्यंत येतात, खाड्या वाट अडवतात, गावातले रस्ते दोन रिक्षांनाही अपुरे पडतात. कोकणच्या सौंदर्याचे जे कारण, तेच कॅराव्हॅनच्या अडचणीचे कारण होय.

याउलट धुळ्याचे उदाहरण घ्यावे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि धुळे-सोलापूर असे तीन मोठे मार्ग या शहरापाशी एकत्र येतात. नव्या क्रमवारीनुसार ५२, ५३ आणि ६० हे राष्ट्रीय महामार्ग येथे मिळतात. धुळ्याहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास आणि वाटेत कसाऱ्याचा घाट. सुरत मात्र सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. कुसुंबा, साक्री, दहिवेल, विसरवाडी, नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली अशी ही वाट. तिच्यावर नाव घेण्याजोगा घाट एकच, कोंडाईबारीचा. सह्याद्री आणि सातपुडा यांच्यामधून तापी नदीने पश्चिमेकडे जी मोकळीक ठेवली आहे, तिचा हा फायदा. शालेय नकाशात खान्देश समुद्रापासून दूर दिसतो खरा. पण त्याचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत सोपा समुद्र राज्याच्या सीमेपलीकडे, गुजरातेत आहे.

हे नाते नवे नाही. कॅराव्हॅन हा शब्दच मुळी फारसी 'कारवान'वरून युरोपात गेला; आणि सुरत-बऱ्हाणपूर हा मार्ग मोगल काळात काफिल्यांचा राजमार्ग होता. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेस उतरला आणि याच मार्गाने नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोचला. फ्रेंच जवाहिऱ्या तवेर्निये याने आपल्या प्रवासवर्णनात नवापूरच्या बारीक, सुगंधी तांदळाची वाखाणणी केली आहे. धान्य व मीठ लादलेल्या बैलांचे वंजारी-लमाणांचे तांडे त्याने रस्त्यांवर पाहिले आणि त्यांचेही वर्णन केले. मुक्कामाला पाणी कोठे, चारा कोठे आणि रात्र सुरक्षित कोठे, या तीन प्रश्नांवर त्या काळचा प्रवास उभा होता. चाऱ्याच्या जागी वीज घातली की आजच्या कॅराव्हॅनचे प्रश्नही तेच राहतात.

डुमसपासून डहाणूपर्यंत

सुरतेच्या पुढे दक्षिणेस जो किनारा लागतो तो जवळजवळ सलग सपाट आहे. तापीच्या मुखाजवळचे डुमस, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे जगाला ठाऊक झालेली दांडी, जिथे ३० जानेवारी २०१९ रोजी राष्ट्रीय स्मारक खुले झाले, वलसाडजवळचे तिथल, पारश्यांच्या इराणशाह अग्नीचे उदवाडा, दमण, उमरगाम, आणि राज्याची सीमा ओलांडताच पालघर जिल्ह्यातील झाई, बोर्डी, घोलवड व डहाणू. परतताना जव्हार-नाशिकमार्गे धुळे गाठता येते. आठवडाभराच्या फेरीत कापूस, ऊस, भात, चिकू आणि मीठ अशी पाच प्रकारची जमीन पाहावयास मिळते. खान्देशातील कुटुंबांना यातले बरेचसे अनोळखी नाही. सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खान्देशी माणसांची मोठी वस्ती आहे. दिवाळी-होळीला त्या गाड्या भरभरून गावाकडे येतात. अहिराणी बोलणाऱ्या कितीतरी घरांना सुरत हे दुसरे गाव आहे.

सपाट किनाऱ्याचे म्हणून एक गणित आहे. ते ठाऊक नसेल तर सहल महागात पडते. खंबायतच्या आखाताकडे भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. सुरतेच्या किनाऱ्यावर तो काही मीटरांचा असतो. उतार तीव्र असेल तर पाणी वर चढते. उतार नसल्यात जमा असेल, तर तेच पाणी आडवे पसरत शेकडो मीटर आत येते. दुपारी कोरडी, टणक वाटलेली वाळू संध्याकाळी पाण्याखाली जाते आणि तिच्याखालचा गाळ चाके गिळतो. जुलै २०२५ मध्ये डुमसच्या किनाऱ्यावर नेलेली एक महागडी मोटार अशीच रुतून बसली आणि तिची छायाचित्रे देशभर फिरली. मोटारीचे हे हाल, तर पाण्याच्या टाक्या भरलेल्या, काही टन वजनाच्या कॅराव्हॅनचे काय होईल याची कल्पना करता येते.

दुसरी गोष्ट खाड्यांची. मिंढोळा, पूर्णा, अंबिका, औरंगा, पार, दमणगंगा अशा नद्या थोड्याथोड्या अंतरावर समुद्रास मिळतात. त्यामुळे किनाऱ्यालगतचा रस्ता सलग राहत नाही. पुढच्या गावी जायचे तर बहुधा पुन्हा महामार्गाकडे वळावे लागते. तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पर्यटकाला जी मोकळी वाळू दिसते, ती कुणाची तरी कामाची जागा असते. झाई-बोर्डीपासून डहाणूपर्यंत बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत असतात, जाळी पसरलेली असतात, होड्या ओढलेल्या असतात. तेथे घराएवढी गाडी उभी राहिली तर वाद व्हायला वेळ लागत नाही.

याच पट्ट्यावर विकासाचा ताणही आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला. त्याच तालुक्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा त्यास दीर्घकाळ विरोध राहिला आहे. अशा किनाऱ्यावर पर्यटन यायचे तर त्याने जागा कमीतकमी व्यापावी आणि मागे काही ठेवू नये, ही अपेक्षा गैर नाही. कॅराव्हॅनने ती पूर्ण करणे शक्य आहे. परंतु ती आपोआप पूर्ण होत नाही.

दोन टाक्यांचा प्रश्न

प्रत्येक कॅराव्हॅनमध्ये स्वच्छ पाण्याच्या टाकीखेरीज आणखी दोन टाक्या असतात. एकीत आंघोळीचे व भांड्यांचे सांडपाणी साठते, दुसरीत शौचालयाचा मैला. दोन-तीन दिवसांत त्या भरतात आणि कोठेतरी रिकाम्या कराव्याच लागतात. त्या रिकाम्या करण्याची सोय नसेल, तर सांडपाणी रस्त्याकडेच्या नाल्यात, नदीपात्रात वा सुरूच्या बनात जाते. चाकांवरच्या घरामुळे बांधकाम टळले, पण घाण टळली नाही, असा त्याचा अर्थ होतो. गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२२ मध्ये उघड्यावर स्वयंपाक करणे, किनाऱ्यावर वाहने नेणे आदींविरुद्ध कडक आदेश काढले. व्यवस्थेआधी वाहने पोचली की बंदीच पदरी येते, हे त्यावरून दिसते.

युरोपातील सपाट किनाऱ्यांचा अनुभव येथे उपयोगी आहे. नेदरलँड्सचा झेलंड प्रांत हा १९५३ च्या महापुरानंतर बंधाऱ्यांनी सुरक्षित केलेला सखल प्रदेश. तिथे कॅराव्हॅनने फिरणाऱ्यांची गर्दी मोठी असते. पण वाटेल तेथे तळ ठोकण्यास त्या देशात सर्वसाधारणपणे मनाई आहे. ही मनाई पाळली जाते, कारण जवळच अधिकृत तळ असतो. फ्रान्समध्ये तर अनेक छोट्या गावांच्या नगरपालिकांनी स्वतःच थांबे उभारले आहेत. त्यांत चैनीचे काही नसते. दहा-वीस गाड्यांपुरती सपाट जागा, पाण्याचा नळ, विजेचे खांब आणि टाक्या रिकाम्या करण्यासाठी मलवाहिनीला जोडलेले एक झाकण, एवढेच. काही गावे नाममात्र शुल्क घेतात, काही तेही घेत नाहीत. उतरलेला प्रवासी गावात पाव, भाजी घेईल, खाणावळीत जेवेल, हा त्यामागचा रोकडा विचार असतो.

आपल्याकडे याच जागी पोकळी आहे. धोरणातला कॅराव्हॅन पार्क ही गुंतवणूकदाराने चालवायची, सवलती मिळणारी स्वतंत्र पर्यटन योजना आहे. ती निसर्गरम्य ठिकाणी उभी राहील. पण तिथपर्यंतच्या वाटेवर साक्री किंवा नवापूर येथे कोणी गुंतवणूकदार येणार नाही. प्रवास मात्र वाटेनेच होतो. दोन टोकांना पार्क आणि मध्ये काहीच नाही, अशा स्थितीत भाड्याने गाडी घेणारे कुटुंब एकतर पेट्रोलपंपाच्या दिव्याखाली रात्र काढते किंवा हॉटेलात खोली घेते. हॉटेलातच उतरायचे, तर कॅराव्हॅनचे भाडे कशासाठी भरायचे?

वाहनाच्या बाजूने अडथळे बऱ्यापैकी कमी झाले आहेत, हे मान्य करावयास हवे. अखिल भारतीय पर्यटक वाहनांच्या परवान्याचे नियम केंद्राने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुलभ केले. परवाना ऑनलाइन मिळू लागला. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकास ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवण्यास वेगळी मान्यता लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. पर्यटनासाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच कॅराव्हॅन या मर्यादेत बसतात. नवापूरची हद्द ओलांडणाऱ्याला सांभाळायचा नियम मग एकच उरतो, तो गुजरातच्या दारूबंदीचा. गाडीतल्या फ्रीजमधली बाटली सीमेअलीकडे कायदेशीर असली, तरी पलीकडे गुन्हा ठरू शकते.

आधीपासूनच चालणारे

या रस्त्यावर घर सोबत घेऊन चालणारे लोक आजही आहेत. फक्त त्यांना पर्यटक म्हणत नाहीत. साक्री, शिंदखेडा परिसरातील ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढ्यांसह बाहेर पडतात आणि वर्षातले कित्येक महिने शेताशेतांत मुक्काम करतात. धुळे-नंदुरबार आणि डांग भागांतील आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी बारडोली-सुरत पट्ट्यात जातात. कारखान्यांच्या परिसरात त्यांचे पडाव पडतात. मालमोटारींचे चालक तर रोजच रात्री रस्त्यावर काढतात. या सर्वांना जे हवे, ते कॅराव्हॅनमधल्या कुटुंबालाही हवे: पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय, दिवा आणि निर्धास्त झोप.

म्हणूनच मुक्कामाच्या जागा केवळ पर्यटनाच्या खात्यात मांडणे अपुरे आहे. सार्वजनिक सोय म्हणून त्या उभारल्या, तर वर्षातून काही शे कॅराव्हॅन आल्या तरी त्या तोट्यात जाणार नाहीत, कारण उरलेले दिवस त्या इतरांच्या कामी येतील. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'हमसफर' हे धोरण जाहीर केले. त्यात राष्ट्रीय महामार्गांवरील पेट्रोलपंप व थांब्यांच्या ठिकाणी स्वच्छ शौचालये, बालसंगोपन कक्ष, वाहनतळ आणि विश्रांतीची सोय यांचा समावेश आहे. टाकी रिकामी करण्याचे झाकण आणि दहा गाड्यांपुरती समतल, दिव्याची जागा एवढी भर त्यात घातली, तर धुळे-सुरत मार्गाचा प्रश्न बराचसा सुटतो. मैल्याच्या विल्हेवाटीसाठीही नव्याने काही शोधावे लागणार नाही. सिन्नर व वाई येथील मैला प्रक्रिया केंद्रांनी हे काम छोट्या शहरांना जमते, हे दाखवून दिले आहे.

खान्देशाचा लाभ कशात?

चौपदरीकरण दीर्घकाळ रखडल्यामुळे सुरत-नागपूर महामार्गाच्या खान्देशातील भागाने अपघात आणि खड्डे पुष्कळ सोसले. रस्ता सुधारला की वाहने वेगाने जातात आणि वळणरस्ते शहराला बाजूला टाकतात. तिठ्यावरच्या गावाचा व्यवसाय मग ढाब्यांपुरता उरतो. धुळ्यासारख्या शहरापुढचा खरा प्रश्न हाच आहे की, तीन महामार्गांवरून जाणाऱ्यांपैकी किती जण एक रात्र येथे थांबतात.

थांबण्याची कारणे कमी नाहीत. शहरालगत लळिंगचा किल्ला आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर येथील हस्तलिखितांचे संग्रह आहेत. साक्री तालुक्यात बळसाणे येथे प्राचीन मंदिरांचा समूह आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. हजारो माणसे तंबू ठोकून राहतात आणि शेकडो घोड्यांचे व्यवहार होतात. हिवाळ्यात जळगावकडे भरीताच्या पार्ट्यांचा हंगाम असतो. जळगावचे भरीताचे वांगे व केळी, नवापूरची तूरडाळ आणि किनाऱ्यावरचे घोलवडचे चिकू या चारही मालांना भौगोलिक मानांकन आहे. या वाटेवरचा शेतकरी आणि बचतगट प्रवाशाला विकू शकेल असे हे सारे आहे. पण गाडी थांबली तरच.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मार्च ते जून या काळात खान्देशात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या पेटीत तेव्हा राहणे अशक्य, आणि वातानुकूलनासाठी रात्रभर इंजिन चालू ठेवणे शेजाऱ्यांना असह्य. पावसाळ्यात किनाऱ्यावर जाण्यात अर्थ नाही. म्हणजे हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. पाण्याचेही तसेच. धुळेकरांनी वर्षानुवर्षे आठ-आठ दिवसांनी नळ येताना पाहिला आहे. त्यांच्या तोंडचे पाणी पर्यटकांच्या टाकीत जाते अशी भावना होऊ देणे परवडणार नाही. पाण्याला मोजमाप आणि दर हवा. चालकाचा विचारही सहसा कोणी करत नाही. भाड्याच्या कॅराव्हॅन बहुधा चालकासह मिळतात; कुटुंब आत झोपते, तेव्हा दिवसभर गाडी हाकणारा माणूस कोठे झोपतो? मुक्कामाच्या जागी त्याच्यासाठी खाट असणे ही चैन नसून दुसऱ्या दिवशीच्या सुरक्षिततेची अट आहे.

राज्याचे जुलै २०२४ मधील पर्यटन धोरण दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार अशी उद्दिष्टे समोर ठेवते. एवढ्या मोठ्या आकड्यांत साक्रीच्या बसस्थानकामागची अर्धा एकर सपाट जागा दिसणे अवघड. तरीही कॅराव्हॅन पर्यटनाचे यशापयश अशाच जागांवर ठरेल. दोन राज्यांच्या पर्यटन खात्यांनी एकत्र बसून धुळे, साक्री, नवापूर, व्यारा, नवसारी, वलसाड आणि डहाणू एवढे सात थांबे निश्चित केले, प्रत्येकाची देखभाल स्थानिक संस्थेकडे सोपवली आणि किनाऱ्यावरचे थांबे भरतीरेषेपासून व मच्छीमारांच्या जागांपासून पुरेसे दूर ठेवले, तर खान्देशापासून समुद्रापर्यंतचा एक संपूर्ण मार्ग तयार होईल. त्यासाठी नवे धोरण लागत नाही. नगरपालिकेचा एक ठराव, एक नळ, विजेचे काही खांब आणि मलवाहिनीवरचे एक झाकण पुरते.